उघाडीजवळची ओली माती

टेंपोवाल्याने खाडीच्या काठावर गाडी उभी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, आगे तो पानी है."

"हो, इथेच उतरायचं," मी म्हटलं.

तो बोईसरचा. वसाहतीतल्या कारखान्यांचा माल पोचवणारा. घरसामान घेऊन पाण्याच्या कडेला येण्याची त्याची पहिलीच वेळ असावी. त्याने माझं टेबल, खुर्ची, गादीची वळकटी, दोन पत्र्याच्या पेट्या आणि काँप्युटरचा खोका गवतावर उतरवला, पलीकडच्या हिरव्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं आणि "वहाँ रहोगे?" असं विचारून उत्तर न ऐकताच गाडी वळवली.

तो हिरवा पट्टा म्हणजे वडजू. आमच्या पालघर भागात खाडीतल्या बेटाला 'जू' किंवा 'जुवा' म्हणतात. वैतरणा स्टेशनवर उतरून खाडीकडे वीस मिनिटं चाललं की हा काठ लागतो आणि तिथून होडी. वडजूला पूल नाही. सव्वाशेएक घरं आहेत, चौथीपर्यंत शाळा आहे, वीज आहे, आणि चारही बाजूंनी मातीचा बांध आहे. त्या बांधाबद्दल तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं.

मी इथे का आले, ते आधी सांगते. माझं वय बेचाळीस. लग्न केलेलं नाही. पंधरा वर्षं बोईसरला भावाकडे, म्हणजे दादाकडे राहत होते. दादा एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत माझं टेबल. मी डॉक्टरांचं बोलणं ऐकून लिहिते. इस्पितळातले डॉक्टर रुग्णाला तपासून झालं की अहवाल तोंडी सांगतात, त्याचं ध्वनिमुद्रण पुण्याच्या एका कंपनीमार्फत माझ्याकडे येतं आणि मी ते टाइप करून परत पाठवते. प्रत्येक फाइल दोन तासांत परत गेली पाहिजे. डॉक्टर घाईत असतात, पुटपुटतात, मध्येच कुणाशी तरी बोलतात. 'पंधरा'चं 'पन्नास' ऐकलं तर औषधाचं प्रमाण चुकतं. त्यामुळे या कामाला शांतता लागते.

यंदा उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न झालं. आतली खोली त्याला आणि सूनबाईला देणं ओघानेच आलं. मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी टेबल लावून पाहिलं. कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरच्या रिक्षा, पाळी सुटली की कामगारांना घेऊन येणाऱ्या बस. एकदा एका अहवालात मी चुकीच्या बाजूचा गुडघा लिहिला. कंपनीने तो पकडला म्हणून निभावलं. त्या दिवशी ठरवलं की आता खोली शोधायची.

जानकीबाय आमच्या बाजारात मावरं (मासळी) घेऊन येते. साठीची, सडपातळ, आवाज मात्र खणखणीत. निवटी निवडता निवडता मी तिला सहज म्हटलं, "मावशी, कुठे शांत खोली मिळेल का हो?"

"आमच्या जुव्यावर हाय," ती म्हणाली. "पोरगा वसईला गेला तवापासून बंदच हाय. पन तुमी रानार काय तिथं? दुकान नाय, रिक्षा नाय."

"नेट आहे का?"

"जाळी हाय ना, पायजे तेवडी," असं म्हणून ती हसली. मग समजून म्हणाली, "मोबाइलचा इचारता व्हय? उघाडीवर येतो. घरात नाय."

घरात हे सांगितल्यावर वहिनी म्हणाली, "बेटावर? एकटी?" दादाने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं, म्हणजे नापसंती. शेवटी वहिनीनेच अट घातली, की जायचंच असेल तर पितृपक्ष लागायच्या आधी जा. म्हणून गौरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी निघाले.

होडीवाल्याने सामान चढवलं आणि मधोमध टेबल उलटं ठेवलं. निघायला आम्हांला उशीर झाला होता आणि ओहोटी लागली होती. वडजूच्या धक्क्यापासून पन्नासेक पावलांवर होडी चिखलात रुतली. "आता उतराला लागल," होडीवाला शांतपणे म्हणाला. मी काँप्युटरचा खोका डोक्यावर घेतला आणि गुडघाभर चिखलात पाय टाकला. एक चप्पल तिथेच राहिली. धक्क्यावर जानकीबायचे यजमान हरेश्वरकाका उभे होते. सत्तरी गाठलेले, कमरेला रुमाल, उजवा पाय जरा ओढत चालायची सवय. त्यांनी माझ्या डोक्यावरचा खोका उतरवून घेतला आणि विचारलं, "बाय, टेबलावर बसूनच काम करतीस? मग बरा हाय. पाय सुके रातील."

माझी खोली घराच्या डाव्या अंगाला होती. कौलारू, शेणाने सारवलेली, खिडकीतून थेट भातशेत दिसायचं. मी दार लावून कानाला हेडफोन लावला आणि एक जुनी फाइल ऐकून पाहिली. डॉक्टरांच्या मागे नर्सने ठेवलेल्या ट्रेचा आवाजही स्पष्ट ऐकू आला. इतकं स्वच्छ मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरकाकांनी मला उघाडी दाखवली. वडजूची भातशेती खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांध आहे म्हणून ती शेतं आहेत, नाहीतर सगळी खाडीच. बांधात एका जागी लाकडी दार बसवलेलं आहे, तीच उघाडी. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ते दार आपोआप बंद होतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की ते उघडतं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर निघून जातं. त्या दाराची आणि बांधाची राखण हरेश्वरकाकांकडे होती. त्यांच्या आधी त्यांच्या वडलांकडे होती.

उघाडीच्या डोक्यावर सिमेंटचा एक चौथरा आहे. तिथे उभं राहिलं की फोनवर चार रेघा उमटतात आणि दहा पावलं मागे गेलं की एकही नाही. माझा दिनक्रम त्या चौथऱ्याने ठरवला. सकाळी आठला तिथे जाऊन फाइली उतरवून घ्यायच्या, घरी येऊन टाइप करायच्या, दहाला परत जाऊन पाठवायच्या आणि नव्या घ्यायच्या. दिवसातून पाच फेऱ्या. पुण्याच्या साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. कामं वेळेवर जात होती आणि चुका जवळजवळ थांबल्या होत्या.

जेवण जानकीबायकडेच. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कधी चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण. पहिल्या दिवशी मी चिंबोरी दाताने फोडायला गेले आणि ओठ कापून घेतला. जानकीबायने पाटा-वरवंट्याकडे बोट दाखवलं. "त्यावर फोड. दात काय परत येनार नाय." ती पहाटेच मावरं घेऊन बाहेर पडायची आणि दुपारी परत यायची. मग ओटीवर बसून आम्ही दोघी बोलायचो, म्हणजे ती बोलायची. उघाडीला लागूनचं शेत त्यांचं होतं. बेटावरची सगळ्यांत खोलगट जमीन, आणि भात तिथेच सगळ्यांत चांगलं यायचं. "पाणी रातो ना तिथं," ती अभिमानाने सांगायची. त्या दिवसांत भात पोटऱ्यात येऊन लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि दाणा भरत होता.

पौर्णिमेचं उधाण मी चौथऱ्यावरून पाहिलं. भर दुपारी खाडी फुगत फुगत बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली आली. एका अंगाला तपकिरी पाणी, दुसऱ्या अंगाला त्याहून खाली हिरवं शेत, आणि मधल्या चार हात मातीवर मी. पण तासाभराने पाणी उतरलं, दार कुरकुरत उघडलं, आणि बांधावर बगळे येऊन बसले. मला वाटलं, हे असंच असतं.

मग पितृपक्षातली त्रयोदशी आली. अमावास्येला दोन दिवस होते. दुपारच्या फेरीला गेले तेव्हा चौथऱ्याच्या डाव्या हाताला, बांधाच्या आतल्या उतारावर मला ओली जागा दिसली. करंगळीएवढी धार गवतातून वाहत होती. माझी चप्पल चिखलाने भरली होती. धुवायला म्हणून मी पाय पुढे केला, तर पाणी गढूळ होतं. पाय धुऊन आणखी घाणच होतील म्हणून मी मागे आले आणि शेताच्या कडेच्या पाण्यात पाय धुतले. बास, एवढंच. घरी आले, हृदयाच्या शस्त्रक्रियेचा एक लांबलचक अहवाल टाइप केला. चतुर्दशीला तीच धार थोडी जाड झालेली दिसली. मनात आलंही, की काकांना विचारावं. पण काका गुडघा सुजून दोन दिवस खाटेवर पडून होते, आणि माझी फाइल पाठवायची वेळ झाली होती. संध्याकाळी विसरून गेले.

सर्वपित्री अमावास्येला दादाकडे बाबांचं श्राद्ध असतं. मी जायला हवं होतं. पण त्या दिवशी कंपनीत काम जास्त होतं, सुटी मिळाली नाही. वहिनी फोनवर म्हणाली, "ठीक आहे," आणि तिच्या त्या 'ठीक आहे'चा अर्थ मला कळला.

दुपारी बाराच्या सुमाराला मी चौथऱ्यावर फाइली पाठवत बसले होते. उधाण पौर्णिमेपेक्षाही मोठं होतं. एवढ्यात डावीकडे कुणीतरी ओलं पोतं आपटावं तसा आवाज झाला. वळून पाहिलं, तर बैलगाडीएवढा बांध खाली बसला होता. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्यावरून पाणी आलं, आणि त्या पाण्याने उरलेली माती ओढून नेली. खाडी जानकीबायच्या शेतात शिरली.

मी ओरडत गावाकडे पळाले. काय ओरडत होते ते आठवत नाही. 'खांड पडली' (बांध फुटला) हे शब्द मला तेव्हा येत नव्हते. पण लोकांना कळलं. फावडी, घमेली, बांबू, जे मिळेल ते घेऊन माणसं धावली. तरुण बहुतेक वसई-विरारला नाहीतर बोईसरला कामावर होते. उरलेल्यांत बायका आणि म्हातारी माणसंच जास्त. हरेश्वरकाका काठी टेकत आले. एक-दोघे खांडीत उतरायला निघाले, तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली.

"आता कोणी आडवा जायाचा नाय. पानी फिरू दे. ओहोटीला बांधू." मग त्यांनी खांडीची रुंदी डोळ्यांनी मोजली. "गोन्या लागतील. तीनशे तरी. संध्याकाळच्या आत भरून टाकल्या नाय, तर रातची भरती अख्खा शेत खाल. मग यकट्या आमचा नाय, सगल्यांचा."

गावभर गोळा केल्या तर चाळीस गोण्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्या फाटक्या.

फोन फक्त चौथऱ्यावर लागायचा, आणि चौथरा खांडीच्या पलीकडे उभा होता. मी वरच्या कोरड्या शेतांतून लांबचा वळसा घेऊन तिथे पोचले आणि दादाला फोन लावला.

"दादा, रिकाम्या गोण्या मिळतील का? तीनशे. आत्ता."

"आत्ता? अगं, पान वाढलंय. कावळ्याची वाट बघतोय आम्ही."

मी बांध फुटल्याचं सांगितलं. मग त्याने विचारलं, "किती वाजेपर्यंत?"

"चारपर्यंत. आणि दादा, रसायनांच्या नकोत. शेत आहे."

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

लगेच पुण्याहून साहेबांचा फोन आला. तीन फाइली अडकल्या होत्या. मी म्हटलं, "सर, इथे बांध फुटलाय, आज मला जमणार नाही." ते म्हणाले, "बांध म्हणजे? तुम्ही बोईसरला असता ना?" सगळं समजावून सांगायला वेळ नव्हता. "उद्या सांगते," एवढंच बोलून मी फोन बंद केला. नोकरीच्या इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

पावणेचारला होडी दिसली. दादा होता, त्याच्याबरोबर कारखान्यातले दोघे सोबती आणि धान्याच्या गोण्यांचे सहा गठ्ठे. बाजारातल्या किराणा व्यापाऱ्यांची दारं ठोठावून त्याने त्या जमवल्या होत्या. त्याच्या कपाळावर श्राद्धाचं गंध तसंच होतं. पाणी उतरलेलं, होडी पुन्हा चिखलात अडकली. दादाने इस्त्रीचा पायजमा गुडघ्यावर खोचला, एक गठ्ठा डोक्यावर घेतला आणि चिखलात उतरला. माझ्याजवळ आल्यावर म्हणाला, "कुठे टाकायच्या?"

पुढचे तीन तास मी आयुष्यात पहिल्यांदा मातीत काम केलं. बायका गोण्या भरायच्या, मी सुतळीने तोंडं बांधायचे, पुरुष त्या खांडीत रचायचे. आधी बांबूच्या मेखा ठोकल्या, त्यांच्यामागे गोण्या, फटींत पेंढा आणि चिखल. हरेश्वरकाका काठावर बसून एकेक थर बघत होते. "ती उलटी घाल. तोंड आत. हां." पाणी अजून आतून बाहेर वाहत होतं आणि रचलेली गोणी हलत होती. जानकीबाय बाजारातून परतली ती थेट तिथेच आली. तिने आपल्या शेताकडे एकदा पाहिलं. लोंब्यांची टोकं तेवढी पाण्यावर दिसत होती. मग पदर खोचून ती माती भरायला बसली.

दिवे लागायच्या सुमाराला शेवटची गोणी बसली. रात्रीची भरती त्या गोण्यांनी पेलली.

दादा आणि त्याचे सोबती त्या रात्री शाळेत झोपले. सकाळी ओटीवर चहा पिताना गाव सगळं एकच बोलत होतं. फुटलेल्या जागी, शिल्लक मातीत चिंबोऱ्यांची बिळं सापडली होती. म्हणजे बांध आतून पोखरला गेला होता आणि दोन-तीन दिवस तरी पाझरत असणार. राखणदाराने ते कसं पाहिलं नाही? दहा वाजता देवळात बैठक बोलावली होती.

मी दादाला बाजूला नेऊन ओल्या जागेचं सांगितलं. धारेचं, गढूळ पाण्याचं, पाय धुतल्याचं.

त्याने कप खाली ठेवला. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तू भाडेकरू आहेस इथे, सुनंदा. उद्या शेताचं नुकसान तुझ्या नावावर टाकतील. सामान बांध, माझ्याबरोबर चल. वहिनीला मी समजावतो. बाहेरच्या खोलीत पडदा लावू."

तो माझ्या काळजीपोटीच बोलत होता. आणि खरं सांगायचं तर पहिला विचार माझ्याही मनात तोच आला होता. मी खोलीत गेले, पेटी उघडली, कपडे घडी करायला घेतले. शेजारच्या खोलीत हरेश्वरकाका बैठकीला जायला सदरा घालत होते. सुजलेल्या गुडघ्यामुळे त्यांना उभं राहून घालता येत नव्हता. जानकीबाय त्यांना म्हणत होती, "सांगा त्यांना, पाय सुजलेला म्हनून." ते म्हणाले, "पाय सुजला तर दुसऱ्याला पाठवाला पायजे होता. नाय पाठवला."

मी पेटी तशीच उघडी टाकून देवळात गेले.

पंचवीस-तीस माणसं होती. गावातले एक वडीलधारे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, बोलत होते. त्यांचा सूर रागाचा नव्हता. "हरेश्वर आता म्हातारा झाला. आमी समदे झालो. राखन दुसऱ्याकडं दिलेली बरी. यात कमीपना नाय." काका खाली बघत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे मान्य केलं. दोन पिढ्यांचं काम एका मान हलवण्यात जात होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "ओली जागा मी पाहिली होती. तेरसेला आणि चौदसेला. पाणी गढूळ होतं. मी रोज तिथे बसते. काकांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही."

देवळात शांतता झाली. शांतता शोधत मी बेटावर आले होते, पण ही मला सोसवत नव्हती. जानकीबाय बायकांत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तात्यांनी विचारलं, "गढूल व्हता ते तुमाला दिसला? नक्की?"

"हो. म्हणूनच तर पाय दुसरीकडे धुतले."

कुणीतरी कपाळाला हात लावला. एक बाई पुटपुटली, "शिकल्या-सवरल्या बाया." मी ऐकून घेतलं.

मग हरेश्वरकाका बोलले. "तिला काय ठावं? तिला आमी उघाडी दावली, बांध कसा बघाचा ते दावला नाय. यक सांगतो. मी आठा दिवसांतून दोनदा जातो. ती दिसातून पाच येला जाती. डोले तिचे चांगले हायत. राखन माझ्याकडं ठेवा, नायतर नका ठेवू. पन मला तिला बघाला शिकवू दे."

तात्यांनी काकांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिकव. मंग बघू." बैठक तिथेच मोडली. राखण काकांकडेच राहिली.

दादा दुपारच्या भरतीला निघाला. होडीत बसताना म्हणाला, "तू ऐकणार नाहीसच." मग म्हणाला, "फोन उचलत जा." होडी लांब गेल्यावर मला जाणवलं, की काल श्राद्धाच्या पानावर तो जेवला होता की नव्हता, हे मी विचारलंच नाही.

पुण्याच्या साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि नेटची पर्यायी सोय करायला सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

काका मला रोज सकाळी बांधावर न्यायचे. पाझर कसा बघायचा ते शिकवायचे. "निवल पानी आला तर घाबराचा नाय. माती पानी पितीच. गढूल आला का समजाचा, आतून बांध खाल्ला जातोय. मंग धावाचा." गवत कुठे वाकडं आहे, बिळाच्या तोंडाशी ताजी माती आहे का, चालताना टाच कुठे बसते. मला पूर्वी नुसता बांध दिसायचा. आता त्यात शंभर गोष्टी दिसू लागल्या.

जानकीबाय मात्र माझ्याशी बोलत नव्हती. भाकरी वाढायची, कालवण वाढायची आणि आत निघून जायची. खारं पाणी तीन-चार दिवसांत उघाडीतून काढून टाकलं, पण तोवर लोंब्या तांबूस पडल्या होत्या. मी एकदा "मावशी" म्हणून सुरुवात केली, तर ती सूप घेऊन अंगणात गेली. रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर बरं वाटलं असतं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी चौथऱ्याच्या उजव्या हाताला ओली जागा पाहिली. फाइल अर्ध्यात टाकून घरी धावले. काका होडीवर गेले होते. घरात जानकीबाय एकटीच होती. "मावशी, पाझर," एवढंच म्हटलं. ती हातातली विळी टाकून माझ्याबरोबर निघाली. वाटेत आम्ही दोघीही पळत होतो. तिथे पोचून ती उकिडवी बसली, ओंजळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं, बोटांनी चोळलं.

"निवल हाय," ती म्हणाली.

अमावास्येनंतर ती माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मग ओंजळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "हात घाल. कळाला पायजे हाताला." मी बोटं बुडवली. परतताना ती माझ्यापुढे चालत होती. मध्येच न वळता म्हणाली, "कापनीला येशील काय? माणसा कमी हायत."

कापणीला गेले. वरच्या शेतांतलं भात भरलेलं होतं. उघाडीजवळच्या शेतात पेंढा जास्त आणि दाणा पोचट. पेंढी उचलली की हाताला हलकी लागायची. ती झोडताना जानकीबायने पाखडून पाहिलं, फोलपट वाऱ्यावर गेलं. "कोंबड्यांना व्हईल," ती म्हणाली आणि पुढची पेंढी घेतली. माझ्या हातांना फोड आले होते. ते मी दाखवले नाहीत.

दिवाळीला चार दिवस बोईसरला गेले. वहिनीने माझ्या आवडीच्या करंज्या केल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दादाने खरंच पडद्याची तार ठोकून ठेवली होती. वहिनी म्हणाली, "राहा आता इथेच. झालं एवढं पुरे." मी पडद्याच्या जागेकडे पाहिलं. दोन दिवस मनात घोळत राहिलं. वडजूला परत गेले तरी शेत सुधारणार नव्हतं, आणि मी नसले तरी बांधाची राखण होणारच होती. माझ्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

भाऊबीज झाली आणि मी निघाले. दादा स्टेशनपर्यंत सोडायला आला. गाडी यायला वेळ होता. त्याने विचारलं, "किती दिवस राहणार तिथे?"

मी म्हटलं, "त्या शेतातला खार धुऊन निघायला दोन पावसाळे लागतात, असं काका म्हणतात. निदान तेवढे दिवस तरी."